अठराच्या आतलं पोरगं पोलिसांनी नेलं तर: पहिल्या तासापासून केस संपेपर्यंत काय, कुठल्या क्रमाने करायचं

अल्पवयीन मुलाची केस बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी बिघडते आणि बिघडवणारे घरचेच असतात. हेतू चांगलाच असतो हो, पण घाबरलेला माणूस नेमकं नको ते आधी करतो. वयाचे कागद कपाटात तसेच ठेवून ओळखीचा नगरसेवक शोधत बसतो, मुलाला पोलीस स्टेशनात एकटं सोडून स्वतः बाहेर फोन लावत फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांच्या कोर्टात जामिनाची तयारी करून पोचतो, जिथे ही केस चालतच नाही. म्हणून हे क्रमाने लिहितोय. कायदा म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५, त्याची २०२१ ची दुरुस्ती आणि २०१६ चे केंद्राचे नमुना नियम. राज्यांचे स्वतःचे नियमही असतात, फॉर्म-बिर्म थोडे वेगळे दिसतील, गाभा हाच.

आधी शब्दांचं. या कायद्यात आरोपी, अटक, चार्जशीट, शिक्षा हे शब्द मुलासाठी वापरायचे नसतात, मुलाला म्हणायचं विधिसंघर्षग्रस्त बालक. शब्द जड आहे, मान्य, पण तुमच्या वकिलाच्या अर्जात जागोजागी "आरोपी" दिसत असेल तर समजून जा की मोठ्यांच्या केसचा फॉरमॅट कॉपी-पेस्ट केलाय आणि हा कायदा त्यांनी उघडून बघितलेला नाही.

## टप्पा १: घरातल्या दोघांनी कामं वाटून घ्या

फोन आला की एकाने, शक्यतो आई किंवा वडिलांनीच, तडक पोलीस स्टेशनला जायचं. दुसऱ्याने घरी थांबून कागद काढायचे. सगळं घर एकदम पळत सुटतं आणि मग रात्री एक वाजता कोणीतरी दाखल्यासाठी परत येतं, हे नको.

जाणाऱ्याने वहीत, किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये, लिहायला सुरुवात करायची: मुलाला किती वाजता उचललं, कुठून, सोबत कोण होतं, तुम्हाला फोन किती वाजता आला. ही वेळ पुढे कामाला येते कारण प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळासमोर (अल्पवयीनांच्या केसेस जिथे चालतात ते मंडळ, टप्पा ५ बघा) नेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ते २४ तास कधी सुरू झाले याचा वाद नेहमी होतो.

सावध: फिर्यादीच्या घरी जाऊन "मिटवून टाका" म्हणायला आत्ता जाऊ नका. तुम्हाला ती विनवणी वाटते, समोरचा ती धमकी म्हणून सांगतो, आणि साक्षीदारांवर दबाव आणला हा मुद्दा उद्या जामिनाच्या वेळी तुमच्यावरच येतो. मुलाच्या मोबाईलमधलं काही डिलीट करणं हाही तसलाच शहाणपणा.

## टप्पा २: वयाचे कागद, आणि कुठला कागद चालतो

सगळा कायदा वयावर उभा आहे. बघायचं वय ते घटनेच्या दिवशीचं. पकडलं त्या दिवशी पोरगं १८ वर्षं दोन महिन्यांचं झालेलं असलं पण घटना तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर केस मंडळाकडेच.

कलम ९४ मध्ये पुराव्याचा क्रम ठरलाय:

१. शाळेने दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र, किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र
२. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला
३. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी किंवा तशी वैद्यकीय चाचणी, जी आदेशापासून १५ दिवसांत व्हायला हवी

आता चूक कुठे होते ते बघा. लोक आधार कार्ड घेऊन येतात. आधार या यादीतच नाही. नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला आणतात, आणि इथे भलेभले वकीलही गाफील असतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पी. युवाप्रकाश केसमध्ये सांगितलं की शाळा बदलताना मिळणारा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे कलम ९४ ला अपेक्षित असलेलं शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र नव्हे. ती केस पीडितेच्या वयाची होती पण कलम तेच आहे. त्यामुळे सकाळी शाळा उघडल्या उघडल्या मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, फक्त जन्मतारखेचं वेगळं प्रमाणपत्र मागा. दाखला जोडा खुशाल, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

तपासा: सगळ्या कागदांवर जन्मतारीख एकच आहे का? शाळेत घालताना तारीख पुढे-मागे केलेली असते, आपल्याकडे ते सर्रास चालतं. फरक असेल तर तो वकिलाला आजच सांगा. आणि घटनेनंतर घाईने नवीन जन्मदाखला "काढून" आणू नका, त्यावरची नोंदणीची तारीख बघूनच समोरच्याला शंका येते आणि मग खरे कागदही खोटे वाटायला लागतात.

पोलिसांनी वय १९ लिहून मुलाला साध्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तर? तिथेच, तोंडी का होईना, सांगा की हा १८ च्या आतला आहे. हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, अगदी निकाल लागून गेल्यावरही. पण म्हणून उशीर करायचा नाही, कारण तोवर पोरगं मोठ्यांच्या जेलमध्ये राहतं.

## टप्पा ३: पोलीस स्टेशनमध्ये काय विचारायचं, कशावर सही करायची नाही

गेल्या गेल्या आवाज न चढवता एकच विचारा: "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" प्रत्येक पोलीस स्टेशनला असा किमान एक अधिकारी नेमलेला असायलाच हवा आणि मूल त्यांच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्याच ताब्यात असायला हवं. नुसतं हे विचारल्याने समोरच्याला कळतं की यांना थोडंफार माहितीय, बोलण्याचा सूर बदलतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

मग एकेक बघत जा. मूल लॉकअपमध्ये नाही ना, बेडी नाही ना. मुलगी असेल तर महिला पोलीस हजर आहे का. चौकशीच्या वेळी तुम्हाला सोबत बसू देतायत का, नियमांत पालक हजर राहू शकतात. मुलाला कुठल्याही जबाबावर सही करायला सांगायची नाही असं नियम ८ म्हणतो, म्हणून "नुसती सही करू दे, लगेच सोडतो" हे ऐकलं की तिथेच थांबवा. मार लागलेला असेल तर वैद्यकीय तपासणी मागा आणि दुसऱ्या दिवशी मंडळासमोर ते आधी सांगा, नंतर आठवण झाली म्हणून सांगितलेल्याला वजन राहत नाही.

एफआयआरचा एक मोठा गैरसमज आहे. नमुना नियमांप्रमाणे मुलाविरुद्ध एफआयआर फक्त दोन प्रकारांत होतो: निर्घृण गुन्हा असेल तेव्हा (किरकोळ, गंभीर, निर्घृण हे गट टप्पा ४ मध्ये सांगितलेत), किंवा मोठ्या माणसांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तेव्हा. बाकी वेळेला स्टेशन डायरीत नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, बस. किरकोळ आणि गंभीर प्रकारात तर मुलाला ताब्यात घेणं हाच अपवाद, घरी ठेवून मंडळाची तारीख कळवता येते. लोक उलट हटून बसतात की एफआयआरची कॉपी द्या नाहीतर हलत नाही. अरे, नाहीये ते बरंच आहे!

सावध: मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता कुठेही जाता कामा नये. कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे पेपरवाल्यांना लागू आहे तसंच "माझ्या भाच्याला न्याय द्या" असं फोटोसकट स्टेटस ठेवणाऱ्या मामालाही लागू आहे.

## टप्पा ४: गुन्हा कुठल्या गटात बसतो ते आधी समजून घ्या

तीन गट आहेत आणि पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो.

किरकोळ: जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत. साधी चोरी इथे येते.

गंभीर: तीन ते सात वर्षांची शिक्षा असलेले, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असूनही किमान शिक्षा ठरलेली नाही किंवा ती सात वर्षांच्या खाली आहे असेही. खुनाचा प्रयत्न म्हणजे ऐकायला भयंकर, पण किमान शिक्षा नाही म्हणून तो इथे.

निर्घृण: किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त. खून, बलात्कार, व्यावसायिक प्रमाणातले अमली पदार्थ.

गुन्ह्याचं नाव ऐकून गट ठरवू नका, किमान शिक्षा किती ते बघा. आणि एक गोष्ट पालकांना धक्का देणारी: सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी आपसात पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) शरीरसंबंधाचं कलम ४ लागलं, तर किमान शिक्षा दहा वर्षांची असल्याने प्रकरण सरळ निर्घृण गटात जातं. "प्रेमप्रकरण आहे, काय होणार" म्हणून हातावर हात ठेवून बसू नका.

गाडीच्या केसमध्ये वेगळीच भानगड. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकावर स्वतंत्र केस होते: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. त्यातून वाचायला "गाडी ड्रायव्हर चालवत होता" असं उभं करू नका. एका केसच्या तीन केसेस होतात आणि मग घरातलं मोठं माणूस जेलमध्ये आणि पोरगं मंडळासमोर एकटं, अशी वेळ येते.

## टप्पा ५: मंडळासमोर पहिली हजेरी आणि जामीन

बाल न्याय मंडळ म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यातली किमान एक महिला. कोर्टासारखा उंच मंच किंवा पिंजरा नसतो, साधी खोली असते. सुट्टी असली तरी अडत नाही, मंडळ बसलेलं नसताना एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येतं. सोबत पंधरा माणसं नेऊ नका, आई-वडील आणि वकील पुरे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, मुलांसाठी उत्पन्नाची अटच नाही, १५१०० वर फोन करा.

जामिनाचं गणित मोठ्यांपेक्षा पूर्ण वेगळं आहे. गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हा प्रश्नच इथे येत नाही. कलम १२ म्हणतं की जामीन द्यायचा, जामीनदार घेऊन किंवा न घेता. नाकारायची कारणं तीनच:

१. सुटल्यावर मूल माहीत असलेल्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल
२. त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल
३. सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल

गुन्हा मोठा आहे हे या यादीत नाही. तरी बहुतेक अर्ज "मुलगा निर्दोष आहे, खोटं गोवलंय" यावरच दोन पानं खर्च करतात आणि या तीन मुद्द्यांवर एक ओळ नसते. तुम्ही उलटं करा. मूल कुठे राहणार, दिवसा घरी कोण असणार, ज्या पोरांसोबत पकडलं गेलं ती त्याच गल्लीत राहत असतील तर काही महिने दुसऱ्या गावी मावशीकडे किंवा काकांकडे ठेवायची तयारी आहे का, शाळा किंवा क्लास पुढे कसा चालू राहील, हे लेखी द्या, ज्यांच्याकडे ठेवणार त्यांना सोबत आणा.

तपासा: जामीन मिळाला पण अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून पोरगं निरीक्षण गृहातच (केस चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा) आहे का? सात दिवस झाले की त्याला अटी बदलण्यासाठी परत मंडळासमोर आणायला हवं. हे आपोआप होईल या आशेवर राहू नका, सहाव्या दिवशी वकिलाला आठवण करा.

जाता जाता, २०२४ च्या पुण्यातल्या कार अपघातानंतर "३०० शब्दांचा निबंध लिहिला की सुटतं" असं जो तो म्हणतो. ती जामिनाच्या अटींमधली एक अट होती, निकाल नव्हता. जामीन आणि शेवटचा आदेश यात गल्लत करू नका, जामीन झाला म्हणून पेढे वाटून पुढच्या तारखा चुकवणारे लोक मी पाहिलेत.

## टप्पा ६: परिविक्षा अधिकारी, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

सगळे वकिलाच्या मागे असतात. पण मंडळाच्या टेबलावर मुलाबद्दलचा सगळ्यात वजनदार कागद असतो तो परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, सामाजिक तपासणी अहवाल. पहिल्या हजेरीपासून साधारण पंधरा दिवसांत तो द्यायचा असतो. ते घरी येतात, शेजारी विचारतात, शाळेत जातात. घरची कमाई, भांडणं, व्यसन, अभ्यास, मित्र, मुलाला मारहाण होते का, सगळं त्यात येतं, आणि हे मूल या मार्गाला का लागलं याचं मतही.

इथली ठरलेली चूक म्हणजे घर चकचकीत करून दाखवणं. बाप रोज पितो हे लपवतात, पोरगं सहा महिने शाळेत गेलेलं नाही हे लपवतात. शेजारची बाई पाच मिनिटांत सगळं सांगते! मग अहवालात जातं की कुटुंब माहिती लपवतंय, म्हणजे हे मुलावर लक्ष ठेवू शकणार नाहीत, आणि तुमची टप्पा ५ मधली सगळी मेहनत पाण्यात.

त्यापेक्षा अडचण मान्य करा आणि त्यावर काय करताय ते दाखवा. शाळा सुटलीय? परत नाव घातल्याची पावती, नाहीतर मुक्त विद्यालयाचा फॉर्म. नशा? समुपदेशनाची पहिली अपॉइंटमेंट घेतल्याचा कागद. मुलाचा जुना आजार, शिकण्यातली अडचण, डोक्याला मार, काहीही असेल तर त्याच्या जुन्या फायली. हे सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, वरच्या कोपऱ्यात तारीख टाकून ठेवा, दर भेटीला तेच शोधायला नको.

घटनेबद्दल मुलाने काय बोलायचं हे मात्र आधी वकिलाशी बोलून घ्या. घराबद्दल खरं, घटनेबद्दल सल्ल्याने.

आणि फोन उचला त्यांचा. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली ढीगभर मुलं असतात, तीनदा रिंग जाऊन कोणी उचललं नाही की अहवाल आहे त्या माहितीवर लिहिला जातो.

## टप्पा ७: फक्त १६ ते १८ आणि निर्घृण गुन्हा असेल तर

बाकीच्यांनी हा टप्पा सोडून द्या.

मूल घटनेच्या दिवशी १६ पूर्ण असेल आणि गुन्हा निर्घृण गटातला असेल, तर मोठ्यासारखा खटला चालवायला केस बालकांच्या न्यायालयात पाठवायची का, हे ठरवायला मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची समज आणि कुठल्या परिस्थितीत घडलं, हे बघतात. मुदत पहिल्या हजेरीपासून तीन महिने. गुन्हा केला की नाही हे इथे ठरत नाही, म्हणून इथे निर्दोषपणाची लढाई लढण्यात अर्थ नाही.

तयारी कसली करायची? मानसशास्त्रज्ञाची मदत घेतलीय का ते बघा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मंडळाचा एखादा सदस्य बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराचा पदवीधारक व्यावसायिक नसेल तर अशा तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. अहवालांच्या प्रती मागून घ्या, वाचा, त्यात मुलाचं वय, इयत्ता, भाषा तरी बरोबर आहे का बघा. अर्ध्या तासाच्या एका भेटीवर चार पानी निष्कर्ष काढला असेल तर ते लेखी नोंदवा.

सावध: तज्ज्ञासमोर पोराला येडं बनायला शिकवू नका. ती माणसं रोज हेच करतात, पढवलेलं लगेच कळतं, आणि "विचारपूर्वक दिशाभूल करतो" असं लिहून आलं की नेमकं जे टाळायचं होतं तेच सिद्ध होतं.

निर्णय विरुद्ध गेला तर अपील ३० दिवसांत. आणि केस बालकांच्या न्यायालयात गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही, तिथेही मोठ्यासारखा खटला चालवायचा की नाही याचा पुन्हा विचार होतो. मोठ्यासारखा चालला तरी २१ वर्षांपर्यंत मुलाला जेलमध्ये नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवतात, २१ ला पुन्हा मूल्यांकन होतं. फाशी किंवा कधीच सुटका नसलेली जन्मठेप देता येत नाही.

## टप्पा ८: चौकशी आणि शेवटचा आदेश

खटला नाही, चौकशी म्हणायचं. मुदत पहिल्या हजेरीपासून चार महिने, मंडळ फार तर आणखी दोन वाढवू शकतं. किरकोळ गुन्ह्यात वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही तर ती बंदच होते, आणि हे कोणीतरी अर्ज करून दाखवून दिलं नाही तर फाइल तशीच पडून राहू शकते. कॅलेंडरवर पहिल्या हजेरीची तारीख लाल पेनाने लिहून ठेवा.

दोष आढळला तर समज देऊन घरी, गट समुपदेशन, समाजसेवा, दंड (तो मुलाने किंवा पालकांनी भरायचा), चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात, नाहीतर विशेष गृहात (दोष आढळलेल्या मुलांना ठेवतात ते सुधारगृह) जास्तीत जास्त तीन वर्षं. सोबत शाळेत जा, अमुक ठिकाणी जाऊ नको, व्यसनमुक्तीला जा असेही आदेश येतात. हमीवर सोडलं असेल तर काय काय पाळायचं ते घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आईला माहीत असतं, मोठ्या भावाला नसतं, आणि तोच त्याला बाईकवर बसवून नको तिथे घेऊन जातो.

## टप्पा ९: केस संपल्यावर रेकॉर्डचं काय

कलम २४ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे लागणारी कुठलीही अपात्रता या मुलाला लागत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा ठरलेला काळ गेला की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, नमुना नियमांत सात वर्षांच्या पुढे ठेवायचं नाही असं आहे. अपवाद एकच, १६ वर्षांवरच्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात बालकांच्या न्यायालयाने मोठ्यासारखा खटला चालवून दोषी ठरवलं तर. केस बंद किंवा निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ही माहिती द्यायची नाही, हे कलम ७४(२) मध्ये स्पष्ट आहे.

तरी पासपोर्ट किंवा नोकरीच्या व्हेरिफिकेशनला कधी कधी जुनी नोंद वर येतेच. म्हणून शेवटच्या तारखेला अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्या, दोन काढा, आणि मुलाच्या शाळेच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये नको, वेगळ्या पाकिटात ठेवा. उद्या कॉलेज ॲडमिशनला तीच फाइल काउंटरवर उघडली जाते.